आपल्या माणसावर हसावं का?

गेल्या वर्षी मी पाचशे रुपये लाच दिली. हे आधीच सांगून टाकतो. पुढं नीतीच्या गोष्टी बोलणार आहे, त्या कुठल्या तोंडानं बोलतोय ते वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं.

लाच कशाची? जातीची. जात जन्मताना फुकट मिळते, कुणी मागत नसताना मिळते. तिचा कागद मात्र फुकट मिळत नाही. बहिणीचं कॉलेजचं ॲडमिशन अडलं होतं. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. १९५६ ला बाबासाहेबांनी नागपूरला धम्म दिला, त्यानंतर आमच्या पणजोबानं घरातले देव मुळेच्या पाण्यात सोडले. पण कागदाला ते चालत नाही. कागदाला पणजोबा महारच पाहिजे. जे टाकून दिलं तेच हुडकून काढायचं, त्यावर शिक्का मारून घ्यायचा आणि मग पोरीनं शिकायचं.

ती जुनी नोंद एका कचेरीच्या कपाटात होती. कुठली कचेरी, कुठलं गाव ते लिहीत नाही. महाराष्ट्रातलं हवं ते नाव घाला, बसेल.

टेबलामागचा माणूस आपला निघाला. काचेखाली बाबासाहेबांचा फोटो. मी "जय भीम साहेब" म्हटलं, त्यानंही मनापासून "जय भीम" केलं. चहा सांगितला. बहिणीची चौकशी केली, पोरींनी शिकलं पाहिजे म्हणाला. आणि चौथ्या हेलपाट्याला आवाज खाली आणून म्हणाला, "आपला आहेस म्हणून पाचशे. बाकीच्यांना हजार सांगतो. मला एकट्याला राहत नाहीत रे, वर पण द्यावं लागतं."

मी नोट काढली. नोटेवर गांधी, काचेखाली बाबासाहेब. दोघांचा पुन्हा एकदा पुणे करार झाला आणि माझं काम झालं.

मी पौडचा. गिरणी कामगार म्हणून नाव टाकतो तेव्हा लोकांना मुंबईची कापडगिरणी वाटते. ती माझ्या आजोबांची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आजोबा गावाला परतले ते परतलेच. माझी गिरणी भाताची. मुळशीचा आंबेमोहर, इंद्रायणी. वरून भात ओतायचं, खाली तूस वेगळं, कोंडा वेगळा, कणी वेगळी, तांदूळ वेगळा. घरी येतो तेव्हा पापण्यांवर कोंडा असतो. शाळा दहावीला सुटली. बाकीचं जे काय वाचलं ते पोत्यावर बसून.

१४ एप्रिलला आमच्या वस्तीत कार्यक्रम असतो, मी कविता म्हणतो. या खेपेला म्हटलं वीस मिनिटांचं प्रहसन करू. नाव ठेवलं, 'आपला म्हणून पाचशे'. वस्तीतल्या तात्यांना वाचून दाखवलं. पहिल्या दोन पानांना तात्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग एकदम गप झाले.

"पोरा, चांगलं लिवलंय. पन स्टेजवर नको."

"का तात्या?"

"समोर गाव पन बसतं. आपन हसू ते आपल्या मानसाला. ते हसतील ते आपल्या जातीला."

एवढंच बोलले आणि उठून गेले. दोस्तहो, मी हा लेख लिहितोय तो या एका वाक्यासाठी. तात्यांचं खरं की माझं?

उत्तर शोधायला मी दुसरीकडं गेलो. लाचलुचपतीवर हसवणारे सिनेमे आपल्या देशात पुष्कळ झाले. ते पुन्हा पाहिले. आधी नुसता हसायचो, आता आडनावं मोजत बसलो.

२००१ ला सब टीव्हीवर 'ऑफिस ऑफिस' सुरू झाली. पंकज कपूरचा मुसद्दीलाल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हिंडतो. टेबलामागं कोण कोण? शुक्ला, पांडे, भाटिया, पटेल. २०११ ला तिचाच सिनेमा आला, 'चला मुसद्दी ऑफिस ऑफिस'. तिथं मुसद्दीलालचं आडनाव त्रिपाठी. जिता माणूस कागदावर मेलेला, त्याची पेन्शन बंद. आम्ही घरात सगळे पोट धरून हसलो. नंतर विचार केला. खाणारा शुक्ला, देणारा त्रिपाठी. हे बघून कुणी म्हणालं का, की बामणं लाचखोर? कुणीच नाही. आणि म्हणूही नये. शुक्लानं खाल्लं ते शुक्लाच्या पोटात गेलं, त्याच्या जातीच्या अंगाला लागलं नाही. किती सुखाची गोष्ट आहे ही! आपला गुन्हा आपल्या एकट्याचा असणं.

या सिनेमेवाल्यांना विचाराल तर सांगतील, आमचा नायक सामान्य माणूस आहे, सामान्य माणसाला जात नसते. आर. के. लक्ष्मणांच्या व्यंगचित्रातला तो धोतर-कोटातला कॉमन मॅन. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर सिंबायोसिसमध्ये त्याचा पुतळा आहे. ज्या बापटांनी १९२१ मध्ये आमच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांच्याच नावाचा रस्ता. पुतळ्यासमोर मी उभा राहिलोय. चांगला माणूस वाटतो. पण सामान्य म्हणजे ज्याची जात विचारावी लागत नाही तो. माझी विचारतात, शिक्क्यासह विचारतात. मग मी सामान्य कसा?

१९८३ चा कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' घ्या. असा सिनेमा पुन्हा झाला नाही असं जाणते म्हणतात, मला पण पटतं. बिल्डर, कमिशनर, संपादक, सगळे एका ताटात जेवतात. पूल पडतो आणि शिक्षा होते ती दोन गरीब फोटोग्राफरांना. त्यांची नावं विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा. त्यातला कमिशनर डिमेलो अमेरिकेला जाऊन येतो आणि तिथल्या गटारांचं कौतुक करत सुटतो. थेटर हसतं, मीही हसलो. गटार या शब्दालाच हसू येतं लोकांना. पण त्या गटारात उतरतो कोण? एवढ्या हुशार सिनेमात, जिथं मढ्यालासुद्धा महाभारतातल्या द्रौपदीचं काम मिळतं, तिथं गटारात उतरणाऱ्या माणसाला एक पण काम नाही.

तो माणूस पडद्यावर यायला एकतीस वर्षं लागली. २०१४ च्या चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये तो आला, तोही मेल्यावर. वासुदेव पवार, गटारकामगार. शाहीर नारायण कांबळेच्या गाण्यामुळं त्यानं जीव दिला असा सरकारचा दावा. नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी तो शाहीर उभा केला. २०२१ ला ते गेले. त्या सिनेमातही हसू येतं, कोर्टाच्या कारभाराचं. पण ते हसू घशात अडकतं, कारण ज्याच्यावरून सगळं चाललंय तो हसायला उरलेलाच नाही.

बरं, जिवंत असताना आपल्याला काम मिळतं तेव्हा कसलं मिळतं? २०१० च्या 'पीपली लाइव्ह'मध्ये नत्था नावाचा कर्जबाजारी शेतकरी मरणार म्हणून सगळे पुढारी त्याच्या दारात येतात. सरकार हातपंप देतं. खालच्या जातींचा पुढारी पप्पूलाल टीव्ही देऊन जातो. म्हणजे एक काम हे, जातीवर मतं मागणारा लबाड. २०१७ च्या 'न्यूटन'मध्ये दुसरं काम. न्यूटन कुमार हा सरकारी क्लार्क दंडकारण्यात निवडणूक घ्यायला जातो. नियमाबाहेर पाऊल टाकणार नाही असा. तो आपल्यातला आहे अशी खूण आहे म्हणतात, पण तोंडानं कुणी बोलत नाही. चांगला सिनेमा. पण बघा, नाव न घेता आत यायचं तर एवढं स्वच्छ असावं लागतं!

एक लबाड पुढारी, एक धुतल्या तांदळासारखा क्लार्क. मी तांदळाच्या गिरणीत आहे. तांदूळ धुतला तरी त्यात कणी असतेच हे मला ठाऊक आहे. ह्या दोघांच्या मधला जो माणूस, थोडा भित्रा, थोडा चलाख, बहिणीसाठी पाचशे देणारा, घरी येऊन न जेवणारा, तो कुठंय? त्रिपाठी तसा असू शकतो. मिश्रा तसा असू शकतो. कांबळे का नाही?

आजोबा सांगायचे, कापडगिरणीत विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आपला ओठ लागला तर बाकीचे बाटतील. मजुरी तिथंच जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला होता. मला वाटतं, विनोदी सिनेमाचं पण एक विणकाम खातं आहे. मार खायला, मरायला, आदर्श व्हायला आपल्याला घेतात. पण माणूस चुकतो, फसतो, फसवतो आणि तरी बघणाऱ्याला तो आपला वाटतो, हा जो बारीक धागा आहे, त्याला आपला ओठ लागू देत नाहीत.

हे होऊच शकत नाही असं मात्र नाही. श्याम बेनेगलांचा 'वेल डन अब्बा' बघा, २०१० चा. त्याआधी २००७ ला मकरंद अनासपुरेचा 'जाऊ तिथे खाऊ' आला, त्यातही हीच विहीर चोरीला गेल्याची गंमत. कागदावर विहीर खणून झाली, पैसे टेबलाटेबलावर वाटून गेले, जमिनीत पाणी नाही. मग फिर्याद करायची, साहेब, कागदावर होती ती विहीर चोरीला गेली, शोधून द्या! कागदाला खरं मानलं की कागदच उघडा पडतो. बेनेगलांचा नायक अरमान अली, मुंबईत गाडी चालवणारा ड्रायव्हर. सरकारी विहिरीसाठी तो दारिद्र्यरेषेखालचा खोटा दाखला काढतो. मी जात विकत घेतली, त्यानं गरिबी विकत घेतली. तरी आपण त्याच्यावर जीव टाकतो आणि 'ही जमातच अशी' म्हणत कुणी घरी जात नाही. कारण बोमन इराणीचा तो अब्बा ना फकीर आहे ना गुंड. लेकीच्या काळजीत असलेला बाप आहे. त्याच्याभोवती सबंध गाव उभं केलंय, खाणारे सगळे एका रांगेत दिसतात. म्हणून त्याचं खोटं त्याच्या मापाचं दिसतं.

तरी विहीर म्हटली की मला पहिल्यांदा हसू येत नाही, हे पण लिहून ठेवतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी डोकी फुटली. आपली विहीर चोरीला जायला ती आधी आपली असायला पाहिजे होती. २०१८ ला आमच्या भागावर 'मुळशी पॅटर्न' आला, तो विनोदी नाही, जमिनी विकून देशोधडीला लागलेल्यांची गोष्ट आहे आणि ती खरी आहे. पण ज्याच्याकडं विकायला जमीनच नव्हती त्याचा पॅटर्न काय? लुबाडलं जायला पण आधी काहीतरी नावावर असावं लागतं.

आता तात्यांकडं येतो. त्यांची भीती हवेतली नाही. जानेवारी २०१३ ला जयपूरच्या साहित्य महोत्सवात आशिष नंदी नावाचे मोठे विचारवंत बोलले, की भ्रष्ट लोकांत बहुतेक ओबीसी, अनुसूचित जाती आणि आता जमातींचे असतात. देशभर गदारोळ झाला, गुन्हे दाखल झाले. त्यांनी खुलासा केला तोही नीट ऐकला पाहिजे: वरच्या लोकांची देवघेव भ्रष्टाचारासारखी दिसतच नाही, खालच्याची लगेच दिसते. या खुलाशात खरं आहे. एकाचा पोरगा ओळखीनं लागतो, त्याला संस्कार म्हणतात. दुसऱ्याची पाचशेची नोट पकडली जाते, तिला चारित्र्य म्हणतात. पण खुलासा कुणाच्या लक्षात राहिला? पहिलं वाक्य राहिलं. तात्यांनी पेपर वाचलेला नसेल, पण हे वाक्य ते जन्मभर ऐकत आलेत, वेगवेगळ्या तोंडांतून.

म्हणून काय झाकून ठेवायचं? इथं मला आजोबा आठवतात. आजोबा लालबागला हनुमान थिएटरात तमाशे बघायचे. दादू इंदुरीकरांचं 'गाढवाचं लग्न' त्यांनी किती वेळा पाहिलं याचा हिशेब नव्हता. सांगताना ते स्वतःच सावळ्या कुंभार व्हायचे. ढोलकी कुणाची, हलगी कुणाची, फडात नाचणारी बाई कुणाची? महार, मांग, कोल्हाटी, आपलेच लोक. राजाला तोंडावर वेडा म्हणणारा, हवालदाराच्या खिशात हात घालून दाखवणारा सोंगाड्या या मातीनं घडवला. पुढं आंबेडकरी जलशात भीमराव कर्डकांनी तीच जीभ चळवळीला दिली. लाचखाऊ शिपायावर, पाटलावर, कारभाऱ्यावर हसायला महाराष्ट्राला कुणी शिकवलं? सिनेमानं सोंगाड्याची जीभ उचलली आणि माणूस विंगेत ठेवला.

आणि सोंगाड्या एक गोष्ट करायचा जी मी विसरलो होतो. तो आधी स्वतःवर हसायचा. मग राजावर. ज्यानं स्वतःचं धोतर आधी फेडलं त्याला राजाचं फेडायचा हक्क.

'फँड्री'त, २०१३ च्या, जब्याचं घर डुकरामागं धावतं आणि सगळं गाव हसतं. शेवटी जब्याचा दगड सरळ आपल्या अंगावर येतो. दगड हे एक उत्तर आहे. खरं उत्तर आहे, मी त्याला नाव ठेवणार नाही. पण दगड मारून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच गावात जगायचं असतं. जगताना हसावं लागतं. दुसऱ्यांनी हसायच्या आधी आपण हसलो तर त्या हसण्याची किल्ली आपल्या कमरेला राहते.

आता माझं धोतर.

लाच देणं हा पण गुन्हा आहे. २०१८ ला कायदा बदलला तेव्हापासून तर स्पष्टच. पण कुणी बळजबरीनं द्यायला लावली आणि देणाऱ्यानं सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपतवाल्यांना कळवलं, तर देणारा सुटतो. १०६४ नंबर कचेरीच्या भिंतीवर लिहिलेला असतो. मी सात दिवस मोजले. पहिल्या दिवशी म्हटलं, बहिणीचं काम होऊन जाऊ दे. तिसऱ्या दिवशी काम झालं. चौथ्या दिवशी म्हटलं, आपला माणूस आहे, त्याच्या पण घरात पोरी असतील. पाचव्या दिवशी रात्रपाळी होती. सातव्या दिवशी मी फोन हातात घेतला आणि मनात आलं, उद्या पेपरात त्याचं आडनाव छापून येईल. तो टेबलावर बसतो तसे त्याच्या वरचे पण बसतात, पण छापून येईल ते त्याचं आडनाव. फोन खाली ठेवला.

मी त्याला वाचवलं की जातीला की स्वतःला? अजून ठरवता येत नाही. पण एक कळलं. मी गप्प बसलो ते तात्यांचंच वाक्य मनाशी म्हणत बसलो. आणि माझ्या गप्प बसण्यानं पुढच्या आठवड्यात आपल्याच कुणाच्या तरी बहिणीचे पाचशे गेले असतील. जातीची अब्रू राखायचा खर्च शेवटी जातीतल्याच गरिबाच्या खिशातून जातो. ही अब्रू आपल्याला परवडत नाही.

तेव्हा माझं उत्तर हे: हसावं. आपल्या माणसावर हसावं, पण त्याला एकट्याला स्टेजवर उभं करून नाही. माझ्या पहिल्या लिखाणात हीच खोट होती. त्यात क्लार्क होता आणि लाच देणारा एक बिचारा गरीब पोरगा होता. तात्यांचं हसू थांबलं ते उगाच नाही. त्यांना वास आला, की लिहिणाऱ्यानं स्वतःला धुऊन घेतलंय आणि वरच्या साहेबाला घरी पाठवलंय. मी पण सिनेमेवाल्यांसारखंच केलं होतं, फक्त उलट्या बाजूनं.

आता प्रहसन पुन्हा लिहिलंय. पोरगा स्टेजवर सात दिवस बोटांवर मोजतो आणि दर दिवशी नवीन कारण सांगतो, सगळ्यात जास्त हशा तिथंच येईल असं वाटतं. क्लार्कच्या मागं एक पडदा आहे. दर खेपेला पडद्यातून एक हात बाहेर येतो आणि आपला हिस्सा घेऊन जातो. हाताला आडनाव नाही, अंगठ्या आहेत. आणि क्लार्क नोट घेण्याआधी काचेखालचा फोटो उलटा करून ठेवतो. त्याला लाज आहे. लाज आहे म्हणून तो माणूस आहे आणि माणूस आहे म्हणून त्याच्यावर हसता येतं.

क्लार्कचं काम करायला वस्तीतलं कुणी तयार होईना. ते मीच करणार आहे. पोराचं काम दुसरं कुणीतरी करील.

परवा तात्यांना नवीन वही वाचून दाखवली. ऐकून घेतलं. मी विचारलं, "तात्या, पहिल्या रांगेत बसाल का?"

म्हणाले, "बसंन. पन गाव आधी हसलं तर उठून जाईन."

मी म्हटलं, "तात्या, मग तुम्हीच आधी हसा."